खेळयंत्रे आणि त्यांचे अनन्य खेळ

दूरचित्रवाणी संचाला जोडून घरच्या घरी खेळ खेळण्याचे जे यंत्र असते, त्याला कन्सोल असे म्हणतात. आपण त्याला येथे खेळयंत्र म्हणू. हे यंत्र एकटे काहीच करू शकत नाही. ग्रामोफोनला जशी तबकडी, तसा या यंत्राला खेळ लागतो. परंतु ही उपमा फार पुढे नेता येत नाही. कोणत्याही कंपनीची तबकडी सामान्यतः कोणत्याही ग्रामोफोनवर वाजत असे. एका कंपनीच्या खेळयंत्रासाठी तयार केलेला खेळ मात्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नाही. तो तेथे चालावा असे वाटत असेल, तर त्याची निराळी आवृत्ती करावी लागते आणि त्या दुसऱ्या कंपनीची संमती मिळवावी लागते. त्यामुळे दुकानात यंत्र घ्यावयास आलेला मनुष्य वस्तुतः यंत्र विकत घेत नसतो. त्याला हवा असलेला खेळ ज्या यंत्रावर आहे, त्या यंत्राकडे तो ओढला जातो.

या व्यवसायातील पैशाचा ओघ समजून घेतल्याखेरीज पुढचा इतिहास कळणार नाही. खेळयंत्र पुष्कळदा उत्पादनखर्चाएवढ्या किमतीत, प्रसंगी तोट्यातही विकले जाते. (निन्टेन्डो ही जपानी कंपनी या मार्गाला शक्यतो जात नाही.) तो तोटा खेळांच्या विक्रीतून भरून काढावयाचा असतो. काही खेळ यंत्रनिर्माती कंपनी स्वतः तयार करते. परंतु बहुसंख्य खेळ इतर कंपन्या करतात. त्यांना आपण त्रयस्थ निर्माते म्हणू. त्रयस्थ निर्माता आपल्या खेळाच्या प्रत्येक प्रतीमागे यंत्रनिर्मात्याला परवानाशुल्क देतो. आज यंत्रातूनच जोडलेल्या दुकानातून खेळ विकत घेतला, तर किमतीपैकी सुमारे ३० टक्के रक्कम यंत्रनिर्मात्याकडे राहते. म्हणजे दुसऱ्याच्या श्रमातून मिळणारे हे उत्पन्न होय. आणि म्हणूनच ते श्रम आपल्याच यंत्रासाठी व्हावेत, प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रासाठी होऊ नयेत, अशी इच्छा प्रत्येक यंत्रनिर्मात्याला असते. एकाच यंत्रापुरत्या राखलेल्या खेळाला अनन्य खेळ म्हणता येईल.

त्रयस्थ निर्माता हा प्रकार आरंभी अस्तित्वातच नव्हता. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली आपले प्रसिद्ध खेळयंत्र बाजारात आणले, तेव्हा त्याचे खेळही तीच करील, हे गृहीतच होते. खेळ रचणाऱ्या कामगारांची नावे वेष्टनावर छापली जात नसत आणि विक्रीत त्यांना वाटाही नव्हता. याला कंटाळून काही जण १९७९ साली बाहेर पडले आणि त्यांनी अॅक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन केली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ तयार करून विकणारी ही पहिली कंपनी. अटारीने न्यायालयाचा मार्ग धरला. १९८२ साली तडजोड होऊन अॅक्टिव्हिजनने शुल्क द्यावे आणि धंदा चालू ठेवावा, असे ठरले. दार एकदा उघडल्यावर त्यातून कोण आत येईल, यावर अटारीचा ताबा राहिला नाही. घाईघाईने केलेल्या खेळांनी दुकाने भरली, न खपलेला माल मातीमोलाने विकला जाऊ लागला, आणि अमेरिकेतील या व्यवसायाची वार्षिक उलाढाल १९८३ मधील सुमारे ३०० कोटी डॉलरवरून १९८५ साली सुमारे १० कोटी डॉलरपर्यंत कोसळली.

या पडझडीचा धडा निन्टेन्डोने घेतला. तिचे फॅमिली कॉम्प्युटर, संक्षेपाने फॅमिकॉम, हे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानात आले आणि पुढल्याच वर्षी हडसन व नामको या कंपन्यांना त्यासाठी खेळ करण्याचा परवाना मिळाला. १९८५ साली अमेरिकेत नेण्यासाठी यंत्राची जी आवृत्ती तयार झाली, तिच्यात एक इलेक्ट्रॉनिक कुलूप बसविलेले होते. खेळ ज्या सुट्या डबीत येत असे, ज्या डबीला आपल्याकडील मुले कॅसेट म्हणत, तिच्यात या कुलपाची जोडीदार चिप असेल तरच खेळ सुरू होई. चिप केवळ निन्टेन्डोकडे होती. त्यामुळे परवाना न घेता खेळ विकणे जवळजवळ अशक्य झाले.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हते. आशियात त्याच्या स्वस्त नकला सर्वत्र पसरल्या, त्याला हेही एक कारण आहे. १९९० च्या दशकात भारतीय शहरांतील कित्येक घरांत जी यंत्रे आली, ती याच नकलांपैकी. एकेका कॅसेटमध्ये अनेक खेळ भरलेले असत. परवाना, शुल्क, अनन्य हक्क हे शब्द त्या खेळाडूंच्या कानांवर येण्याचे काही कारणच नव्हते.

अमेरिकेतील परवान्याच्या अटी मात्र कडक होत्या. त्रयस्थ निर्मात्याने वर्षाला पाचच खेळ प्रसिद्ध करावेत. कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्यात, किमान ठरावीक संख्येने घ्याव्यात आणि त्यांचे पैसे आगाऊ भरावेत. आणि प्रसिद्ध केलेला खेळ दोन वर्षेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर आणू नये. अनन्यतेसाठी येथे निन्टेन्डो एक पैसाही देत नव्हती. उलट ती बाजारात प्रवेश करण्याची किंमत म्हणून वसूल करीत होती. खेळ खपला नाही तर नुकसान निर्मात्याचे. खपला तर कॅसेटींच्या उत्पादनातही नफा आणि शुल्कातही नफा, दोन्ही निन्टेन्डोचे. १९८८ साली चिपांची टंचाई पडली, तेव्हा कोणाला किती कॅसेटी मिळाव्यात हेही निन्टेन्डोनेच ठरविले, आणि मागितल्या तेवढ्या कित्येकांना मिळाल्या नाहीत. दर्जा राखण्यासाठी हे सारे आवश्यक आहे, असे निन्टेन्डोचे म्हणणे होते. १९८३ चा अनुभव ताजा असताना ते सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. परंतु दोन वर्षांच्या बंदीचा दर्जाशी कोणता संबंध होता, हे समजणे कठीण आहे.

निर्मात्यांनी पळवाटा शोधल्या. कोनामीने अल्ट्रा या नावाने दुसरी कंपनी उभी केली व पाचांचे दहा खेळ केले. अटारी गेम्सने तर कुलपाचीच किल्ली बनविली. ती बनविताना अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयातून कुलपाचा मजकूर गैरमार्गाने मिळविल्याचे उघडकीस आले आणि न्यायालयात तिची बाजू लंगडी पडली. असो. व्यापारातील मक्तेदारीविषयी अमेरिकेत चौकशा सुरू झाल्यावर १९९० च्या सुमारास निन्टेन्डोने अनन्यतेची अट सोडून दिली. तोपर्यंत सेगाचे नवे यंत्र बाजारात आले होते, आणि जाण्यास दुसरी जागा आहे एवढी जाणीवदेखील परवानाधारकांना धीट करण्यास पुरेशी होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने सेगाच्या यंत्राची रचना स्वतः उलगडून काढली आणि मग, परवान्याविना खेळ विकण्याची तयारी हाताशी ठेवून, सेगाशी बोलणी करून आपल्याला सोयीच्या अटी पदरात पाडून घेतल्या.

कुलपाच्या जोरावर मिळविलेली निष्ठा किती टिकते, याची खरी परीक्षा पुढे झाली. सोनी ही कंपनी आधी निन्टेन्डोच्या यंत्राला तबकडी-वाचक जोडून देणार होती. १९९१ साली शिकागो येथील प्रदर्शनात सोनीने ही योजना जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपण हे काम फिलिप्सबरोबर करणार असल्याचे सांगितले. त्यानंतर सोनीने केन कुतारागी यांच्या पुढाकाराने स्वतःचेच यंत्र तयार केले. प्लेस्टेशन नावाचे हे यंत्र ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात विक्रीस आले. सोनीकडे तेव्हा खेळ करणारा फारसा अनुभवी वर्ग नव्हता. त्रयस्थांवाचून तिचे चालण्यासारखे नव्हते, आणि हीच गोष्ट तिच्या पथ्यावर पडली. तिने शुल्क कमी ठेवले, तबकड्या झटपट छापून देण्याची व्यवस्था केली आणि निर्मात्यांशी आर्जवाने वागण्याचे धोरण ठेवले. नामकोला फॅमिकॉमच्या आरंभी मिळालेल्या सवलती १९८९ साली काढून घेण्यात आल्या होत्या. ती दुखावलेली नामको प्लेस्टेशनच्या पहिल्याच दिवशी रिज रेसर हा खेळ घेऊन हजर होती.

परंतु निर्णायक घटना घडली ती स्क्वेअर या कंपनीच्या बाबतीत. फायनल फॅन्टसी ही तिची दीर्घकथात्मक खेळमालिका १९८७ साली फॅमिकॉमवर सुरू झाली आणि तिचे पहिले सहाही भाग निन्टेन्डोच्याच यंत्रांवर निघाले होते. हिरोनोबू साकागुची हे तिचे जनक. सातव्या भागात त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना त्रिमितीय चित्रे आणि चलच्चित्रपटासारखे प्रसंग दाखवावयाचे होते. अशा प्रसंगांना साठवणुकीची जागा फार लागते. निन्टेन्डोने मात्र आपल्या पुढच्या यंत्रासाठी, म्हणजे निन्टेन्डो ६४ साठी, कॅसेटच कायम ठेवण्याचे ठरविले होते. कॅसेटमधील मजकूर क्षणार्धात वाचता येतो आणि तिची नक्कल करणेही अवघड असते, ही तिची बाजू. दुसऱ्या बाजूला आकडे पाहावेत. या यंत्राची मोठ्यात मोठी कॅसेट पुढे ६४ मेगाबाइटची झाली, आणि आरंभीच्या कॅसेटी तर ८ मेगाबाइटच्या होत्या. एका तबकडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मावतात. आणि फायनल फॅन्टसी ७ ला अखेरीस तीन तबकड्या लागल्या.

जागेइतकाच महत्त्वाचा प्रश्न पैशाचा होता. कॅसेट बनविणे महाग असते आणि तिची मागणी पुष्कळ आधी नोंदवावी लागते. किती प्रती खपतील याचा अंदाज चुकला, तर एक तर गोदाम भरून राहते, नाही तर मागणी असताना माल नसतो. तबकडी छापण्यास अत्यल्प खर्च येतो आणि संपलेला माल काही दिवसांत पुन्हा भरता येतो. मध्यम आकाराच्या निर्मात्याच्या दृष्टीने हा फरक जीवन-मरणाचा होता. १९९६ च्या आरंभी स्क्वेअरने आपला खेळ प्लेस्टेशनवर येणार असल्याचे जाहीर केले. तो ३१ जानेवारी १९९७ रोजी जपानात प्रसिद्ध झाला; अमेरिकेत तो सोनीनेच प्रकाशित केला आणि त्याची जाहिरात चित्रपटाच्या तोडीने केली. स्क्वेअरच्या पाठोपाठ एनिक्स कंपनीनेही ड्रॅगन क्वेस्ट ही तितकीच लोकप्रिय मालिका सोनीकडे नेली. प्लेस्टेशनची १० कोटींहून अधिक यंत्रे खपली, निन्टेन्डो ६४ ची सुमारे ३ कोटी ३० लाख. स्क्वेअर व निन्टेन्डो यांच्यातील दुरावा पुढे कित्येक वर्षे टिकला.

या प्रसंगात थैलीपेक्षा सोयीने अधिक काम केले, हे ध्यानात घेतले पाहिजे. सोनीने मदत केली, प्रसिद्धीवर खर्च केला, हे खरे. परंतु स्क्वेअरला हवा असलेला खेळ दुसरीकडे होऊच शकत नव्हता. अनन्य खेळांच्या इतिहासात असे बंध सर्वांत घट्ट ठरले आहेत. निव्वळ पैशाने बांधलेल्या गाठी त्यामानाने लवकर सुटतात.

पैशाच्या गाठीचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एक खेळ घेऊ इच्छिणारे १३ लाख लोक आहेत. त्यांपैकी १० लाखांकडे ‘अ’ यंत्र आहे व ३ लाखांकडे ‘ब’. प्रत्येक प्रतीमागे निर्मात्याला १,००० रुपये सुटतात. तो खेळ ‘अ’पुरता राखावयाचा, तर निर्मात्याचे ३० कोटी बुडतात, ‘ब’साठी आवृत्ती करण्याचा ५ कोटींचा खर्च वाचतो, म्हणजे ‘अ’ने त्याला किमान २५ कोटी दिले पाहिजेत. तोच खेळ ‘ब’ला आपल्यापुरता हवा असेल, तर बुडणारी रक्कम १०० कोटींची आहे, ‘अ’च्या आवृत्तीचा तेवढाच खर्च वजा केला, तरी ९५ कोटी मोजावे लागतील. म्हणजे ज्याला अनन्य खेळांची गरज अधिक, त्याला ते महाग. ज्याची गरज कमी, त्याला ते स्वस्त. पुढे असलेला अधिक पुढे जातो, याचे रहस्य या साध्या वजाबाकीत आहे.

मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स हे यंत्र नोव्हेंबर २००१ मध्ये आले, तेव्हा सोनीच्या दुसऱ्या प्लेस्टेशनने बाजार व्यापलेला होता. नवा प्रतिस्पर्धी येत आहे हे पाहून सोनीने काही प्रकाशकांशी दोन वर्षांचे अनन्य करार केले. सोनीच्या युरोपीय शाखेचे तत्कालीन प्रमुख ख्रिस डीअरिंग यांनी पुढे हे सांगितले आहे. त्यांत ग्रँड थेफ्ट ऑटो ही मालिका होती. तिचा तिसरा भाग इतका गाजेल, असे करार करणाऱ्यांनाही वाटले नव्हते; आधीचे भाग वरून दिसणाऱ्या सपाट नकाशावरचे होते आणि हा प्रथमच त्रिमितीय होत होता. ऑक्टोबर २००१ मध्ये तो निघाला आणि अमेरिकेत त्या वर्षीचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला. एक्सबॉक्सवर तो २००३ च्या अखेरीस पोहोचला, तोवर ज्यांना यंत्र निवडावयाचे होते त्यांनी ते निवडून टाकले होते.

याच्या नेमके उलट उदाहरण कॅपकॉम या कंपनीचे आहे. तिने २००२ च्या नोव्हेंबरात निन्टेन्डोच्या गेमक्यूब यंत्रासाठी पाच नवे खेळ जाहीर केले. गेमक्यूबचा खप यथातथाच होता. पाचांपैकी एक खेळ निघालाच नाही. तीन खेळ कालांतराने सोनीच्या यंत्रावर गेले. गेमक्यूबपुरता उरला एकच, आणि तो फारसा कोणाला आठवत नाही. त्यांतील रेझिडेन्ट ईव्हिल ४ हा खेळ जानेवारी २००५ मध्ये गेमक्यूबवर आला, पण तो वर्षअखेरच्या आत प्लेस्टेशनवरही येणार, हे तो विक्रीस येण्यापूर्वीच जाहीर झाले होते. छोट्या बाजारपेठेत मोठ्या खर्चाचा खेळ कोंडून ठेवणे कॅपकॉमला परवडणारे नव्हते.

खेळ तयार करण्याचा खर्च जसजसा वाढत गेला, तसतशी संपूर्ण अनन्यता दुर्मीळ झाली आणि तिचे तुकडे विकले जाऊ लागले. ग्रँड थेफ्ट ऑटोचा चौथा भाग २००८ साली दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी आला. परंतु नंतरची दोन जोडकथानके प्रथम आपल्याकडे यावीत म्हणून मायक्रोसॉफ्टने ५ कोटी डॉलर दिले. वर्षभरानंतर, एप्रिल २०१० मध्ये, ती प्लेस्टेशनवरही मिळू लागली. टूम रेडर मालिकेतील एक खेळ २०१५ च्या नोव्हेंबरात केवळ एक्सबॉक्सवर आला, आणि प्लेस्टेशनच्या खेळाडूंना त्यासाठी ऑक्टोबर २०१६ पर्यंत थांबावे लागले. त्याची घोषणा झाली तेव्हा हा काळ किती असेल, हे धड सांगितले गेले नव्हते. अशा वेळी सामान्य ग्राहकाची जी कुचंबणा होते, ती या व्यवहारातील कोणाच्याच हिशेबात धरलेली नसते: त्याने आधीचा भाग ज्या यंत्रावर खेळला, ते यंत्र त्याच्या घरी आहे; पुढल्या भागासाठी वर्षभर थांबावे की दुसरे यंत्र घ्यावे, हे त्याला माहितीवाचून ठरवावे लागते.

मात्र सर्वच अनन्य खेळ ग्राहकाला वंचित करणारे असतात, असे नाही. बेयोनेटा हा खेळ सेगाने २००९ साली दोन यंत्रांवर प्रसिद्ध केला होता. दुसऱ्या भागासाठी पैसा मिळेना, तेव्हा निन्टेन्डोने तो उभा केला, आणि २०१४ साली तो तिच्या यंत्रावर आला. इतर यंत्रांचे मालक रुष्ट झाले. परंतु येथे असलेला खेळ कोणी हिरावला नव्हता. नाही तर तो जन्मासच आला नसता. तयार होत असलेल्या खेळाला एखाद्या यंत्रापासून दूर ठेवण्यासाठी पैसे देणे आणि न होणारा खेळ पैसे देऊन घडविणे, या दोन गोष्टींना एकच नाव दिले जाते, यामुळे या विषयावरील चर्चेत बराच गोंधळ होतो.

करारांची किंमत वाढत गेल्यावर शेवटचा उपाय म्हणजे त्रयस्थालाच विकत घेणे. मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची मातृसंस्था झेनिमॅक्स ७५० कोटी डॉलरला घेतली आणि तो व्यवहार मार्च २०२१ मध्ये पुरा झाला. स्टारफील्ड हा तिचा आगामी खेळ एक्सबॉक्सवर येऊ नये यासाठी सोनी पैसे देणार असल्याची शंका होती, हे या खरेदीमागील एक कारण म्हणून एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२३ साली न्यायालयात सांगितले. २०२२ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ६,८७० कोटी डॉलरला अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेण्याचे जाहीर केले. यजमानाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रासाठी खेळ करण्याचा पायंडा पाडणारी ती पहिली त्रयस्थ कंपनी आता एका यंत्रनिर्मात्याच्या घरात जाणार होती. कॉल ऑफ ड्यूटी ही तिची युद्धखेळांची मालिका प्लेस्टेशनवरून काढून घेतली जाईल, अशी भीती सोनीने निरनिराळ्या देशांच्या नियामकांपुढे मांडली. ब्रिटनच्या नियामकाने मार्च २०२३ मध्ये याविषयी जो निष्कर्ष काढला, तो आपल्या वरील वजाबाकीचाच होता: प्लेस्टेशनवरील ग्राहक इतके आहेत की हा खेळ तेथून काढून घेणे मायक्रोसॉफ्टला तोट्याचे होईल. (त्याने एप्रिलमध्ये व्यवहार अडविला, तो वेगळ्या, दूरस्थ संगणकावरून खेळण्याच्या प्रश्नावर.) जुलैमध्ये सोनीने कॉल ऑफ ड्यूटीसाठी दहा वर्षांचा करार स्वीकारला आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी व्यवहार पूर्ण झाला.

एवढा पैसा ओतूनही मायक्रोसॉफ्टने हे खेळ कोंडून ठेवले नाहीत. २०२४ च्या आरंभी तिने स्वतःचे चार खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर नेत असल्याचे सांगितले, आणि पुढे इतरही गेले. स्क्वेअर, जी २००३ साली एनिक्समध्ये विलीन होऊन स्क्वेअर एनिक्स झाली, तिनेही मे २०२४ मध्ये आपले मोठे खेळ यापुढे एकापेक्षा अधिक यंत्रांवर आणण्याचे धोरण जाहीर केले. फायनल फॅन्टसीचा सोळावा भाग जून २०२३ मध्ये सोनीच्या पाचव्या प्लेस्टेशनवर निघाला होता, तो जून २०२५ मध्ये एक्सबॉक्सवर आला. सातवा भाग, ज्याच्यासाठी एकेकाळी निन्टेन्डोच्या कॅसेटमध्ये जागा नव्हती, तो तिच्या स्विच यंत्रावर २०१९ च्या मार्चपासून विकत मिळतो.